पेंढ्यातला कॉम्प्युटर

हसा तुम्ही, पण आम्ही पडलो म्हसळ्याकडचे. नाजूक वस्तू पाठवायची म्हटलं की आम्हाला पेंढाच सुचतो. आमची सायली ऑस्ट्रेलियाला शिकायला निघाली, तेव्हा तिने स्वतः जोडलेला कॉम्प्युटर मी आंबा भरतात तसा पेंढा घालून खोक्यात भरला. ती नको नको म्हणत होती.

विमानतळावर साहेबाने खोकं उघडायला लावलं.

"काका, आंबे आहेत का?"

"आंबे न्हाय साहेब, कॉम्प्युटर हाय."

"तिकडे पेंढ्याची काडीसुद्धा चालत नाही. सगळा काढा."

मी पेंढा उपसून काढला, पण आता कॉम्प्युटर धडका खात जाणार! सायलीने मात्र तिथेच फतकल मारलं, कॉम्प्युटर उघडला, आतला एकेक भाग सोडवून आपल्या कपड्यांत गुंडाळला आणि बॅगेत बसवला. साहेब बघतच राहिला.

"परत जोडता येईल?"

"डोळे मिटून," सायली म्हणाली.

मी पेंढा कवटाळून उभा होतो, पण छाती अशी फुगली म्हणता! म्हटलं, "साहेब, मघाशी आंबा विचारलात ना? आमचा हापूस म्हंजे ही पोरगी हाय. जपून न्या."