गढीतल्या चर्चची घंटा वाजवल्याबाबत

नाव साधना राजाभाऊ घाणेकर, वय ६४, धंदा पूर्वी पोळीभाजी केंद्र, सध्या सुनेचं बाळंतपण. राहणार सहकारनगर, पुणे. हल्ली मुक्काम मुलगा निहार याच्याकडे, वोल्फ्सबुर्ग. मला जर्मन येत नाही. दुभाषी अरुंधतीताई शेजारी बसल्या आहेत. विचारल्यावरून समक्ष सांगते की,

काल रविवारी दुपारी निहारने मला गावाबाहेरची जुनी गढी बघायला नेलं. सून उल्का हिचे दिवस भरत आलेत, म्हणून ती घरीच थांबली. गढी मोठी आहे, पण जाळीजळमटं काढायला पाहिजेत. अंगणातच छोटंसं चर्च आहे. निहार गाडी लावायला गेला. मी चपला बाहेर काढून आत गेले.

दाराशी घंटेचा दोर लोंबत होता. देवाच्या दारात घंटा न वाजवता शिरणं म्हणजे बेल न दाबता कुणाच्या स्वयंपाकघरात घुसणं. मी दोर ओढला आणि उल्काची सुखरूप सुटका होऊ दे म्हटलं. पहिल्यांदा आवाज नीट आला नाही, म्हणून अंगातलं बळ लावून पुन्हा ओढला. मग थांबेचना बया!

बाहेर येते तो गाव जमलेलं. दोघीतिघी डोळे पुसत होत्या. मला वाटलं, काय भाविक माणसं! एवढ्यात निहार धावत आला. "आई, काय केलंस हे! इथे अवेळी घंटा वाजली की कुणीतरी गेलं असं समजतात." गढीचे म्हातारे मालक फॉन ब्राख बरेच महिने आजारी. सगळे त्यांच्या मयताला आले होते.

सर्वांत आधी त्यांचा पुतण्या पोचला, काळा कोट घालून. घर सांभाळणाऱ्या बाईंकडे तो कपाटाच्या किल्ल्या मागतोय, असं निहारने मला सांगितलं. तेवढ्यात म्हातारबुवा काठी टेकत पायरीवर आले आणि "कोण गेलं?" म्हणून विचारू लागले. मला जर्मन कळत नाही, पण पुतण्याचं पडलेलं तोंड कळलं. तक्रार त्यानेच दिली आहे.

निहार म्हणतो, गुन्हा नोंदला तर व्हिसाचं काही खरं नाही. साहेब, काय शिक्षा करायची ती करा, पण बाळंतपणाआधी मला परत धाडू नका. उल्काला आई नाही. डिंकाचे लाडू डब्यात तयार आहेत, पण तिला न्हाऊमाखू कोण घालणार? माझा जीव टांगणीला लागला आहे.

आत्ता फॉन ब्राख स्वतः ठाण्यात आले. त्यांची काही तक्रार नाही. ते म्हणाले, "आपल्या मयताला कोण कशाला येतं, हे डोळ्यांनी बघायला मिळालं." मग देवाकडे काय मागितलं, ते विचारलं. मी सांगितलं. "गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणत त्यांनी माझा हात धरला. मला रडू आलं, तेही लिहा.

यापुढे सदर घंटा वाजवणार नाही, अशी हमी देते. अपवाद एकच. बाळ झालं की ती वाजवायला मालकांनी मलाच बोलावलं आहे.

अरुंधतीताईंनी हे सगळं मराठीत वाचून दाखवलं. मी बोलले तसंच उतरलं आहे. फक्त गावाला एवढं कळवा, की पुढच्या वेळी काळे कपडे घालून येऊ नका. पेढे घ्यायला या.