निम्मी माणसं

केजच्या स्टँडवर बीडच्या गाडीची वाट बघत दोघं माझ्या मागं उभे होते. दोघंही एकाच सहकारी साखर कारखान्यातले, एक केमिस्ट आणि दुसरा बॉयलरवरचा आश्रुबा.

“साहेब, पन्नाशीला एमबीए कावून करायलाव?”

“दोन वर्षं पाऊस न्हाई, ऊस न्हाई. कारखाना बंद पडला तर मला कोण घेईल? त्या भ्यानं नाव घातलं.”

“आज परीक्षा हाय का?”

“न्हाई. आपला कारखाना कसा वाचंल, यावर प्रकल्प लिवला. सरांनी लई वाखाणला. कुणीतरी तो चेअरमनला दाखवला. आज बीडला संचालकांपुढं वाचायचाय.”

“मग चांगलंच की! मग ते कागद सारखे कावून उलटायलाव?”

“आश्रुबा, त्यात लिवलंय, निम्मी माणसं कमी करा.”

“कोणती?”

“नावं न्हाईत. नुसते विभाग हायेत.”

“बॉयलर?”

“मला वाटलं, नुसते मार्क मिळतील.”

“साहेब, बॉयलर हाय का त्यात?”

“हाय.”

गाडी लागली. रांग पुढं सरकली.

“चढा साहेब. पर तिथं एवढं सांगा, बॉयलर पेटवायला एक तरी माणूस लागतोच.”