तिसरा बोया

—नाही गं, हा कप चांदीचा कसला, पितळ आहे, वरून पाणी चढवलंय. उचलून बघ. सगळे तसलेच. नऊ आहेत की दहा, ते अ‍ॅग्नेसला विचार, तुझी आत्याच पुसते त्यांना शुक्रवारी, चर्चमधून मिसाहून आली की. मी हात लावत नाही. का म्हणजे? असंच. बस ना बेनिटा, उभी का? हॉस्पिटलची ड्युटी उद्यापासून ना? मग बस.

तुला पप्पाचं ऐकायचंय. सांगतो. पण आधी माझं सांगावं लागेल, नाहीतर कळायचं नाही. मी चौऱ्याहत्तरला इथे आखातात आलो, हॉटेलात मेन्टेनन्सला. एकदा होड्यांच्या शर्यतींच्या क्लबात पंप दुरुस्त करायला पाठवलं—तिथे एक गोरा साहेब शिडाला गाठ मारत होता, आणि ती सुटत होती. मारतोय, सुटतेय. मी हसलो. पाचूबंदरच्या कोळ्याला हसू नाही येणार? तो म्हणाला, तू दाखव. दाखवली. पुढच्या शुक्रवारी मी त्याच्या होडीत, आणि वर्षभरात सुकाणू माझ्या हातात. शहात्तर, सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर—ओळीने चॅम्पियन! कुवेतचे आले, दुबईचे आले, हरून गेले. साहेबांच्या बायका विचारायच्या, कुठल्या क्लबात शिकलात? मी म्हणायचो, बापाच्या होडीत, बोंबलांच्या वासात. हसायच्या. त्यांना वाटायचं, गंमत करतोय.

सत्त्याहत्तरपासून तुझा पप्पा, माझा मेव्हणा इलायस माझ्याबरोबर. मीच आणला त्याला, मीच व्हिसा केला, हॉटेलच्या लॉन्ड्रीत लावला. दोघांची होडी असते ती—एक सुकाणूवर, दुसरा पुढच्या शिडाचा दोर धरून. वारा वाढला की त्याने कमरेला पट्टा लावून होडीबाहेर लोंबकळायचं, तोल सांभाळायला. तुझ्या पप्पासारखा लोंबकळणारा अख्ख्या आखातात नव्हता. पाठ पाण्याला टेकायची आणि हा गाणी म्हणायचा! मी ओरडायचो, इलायस, तोंड बंद ठेव, पाणी जाईल. जाऊ दे, म्हणायचा.

एकोणऐंशीची फायनल. शमाल सुटला होता, उत्तरेचा वारा—समुद्र इथला उथळ, लाटा आखूड, होडीला नुसते धपाटे. वळसा घालायला पाण्यात तरंगते बोये तीन, फेऱ्या तीन. पहिल्या फेरीत आम्ही दुसरे, दुसरीत पहिले. शेवटच्या फेरीत तो गात नव्हता. मला काय, मी वाऱ्याकडे बघत होतो. तिसऱ्या बोयाला म्हणाला, लान्सी, छातीत आवळतंय, फिरव. मी म्हटलं, एवढंच राहिलंय, यल्ला, चल, मग झोप हवा तेवढा. तिथून वारा पाठीमागून, लोंबकळायचं काम नाही, तो आत येऊन खाली बसला, दोर हाताला दोनदा गुंडाळून—

मग शेवटच्या रेषेवर बंदुकीचा बार झाला. जिंकलो. मी म्हटलं, सोड दोर, खलास. सोडेना. मलाच त्याची बोटं एकेक करून—

नाही, पाण्यात नाही पडला तो. पाण्यात पडला असं कोण म्हणालं तुला? आई? मी पत्रात तसं लिहिलं नव्हतं. मी लिहिलं, एका क्षणात गेला, काही बोलला नाही. डॉक्टरने पण विचारलं, आधी काही तक्रार केली होती? मी म्हटलं, नाही. अ‍ॅग्नेसला म्हटलं, नाही. पाद्रीला पण—

काय बोललो मी आता? तिसऱ्या बोयाचं?

बघ, नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत एकदा तोंडातून निघालं नाही, आणि आज तू समोर बसलीस आणि निघालं. त्याच्यासारखीच बसतेस. बरं, आता सगळंच ऐक. बोयापासून शेवटपर्यंत बारा-तेरा मिनिटं असतील. मध्ये मी एकदा हाक मारली. त्याने ओ दिली नाही. दुसऱ्यांदा मारली नाही. का? कारण दुसऱ्यांदा मारली असती आणि तो बोलला नसता, तर थांबावं लागलं असतं. बाजूने सेफ्टी बोट चालली होती, हात वर केला असता तर—माझा हात सुकाणूवर होता.

रडलो? नाही. कप घ्यायला बोलावलं तेव्हा गेलो. तीन आठवड्यांनी पुन्हा होडीत बसलो, नवा पार्टनर घेऊन. लोक म्हणाले, इलायससाठी खेळतोय. त्यानंतरही तीन वर्षं जिंकलो, आणि दर वेळी बार व्हायचा, लोक टाळ्या वाजवायचे, आणि मला ऐकू यायचं, बस—ऐकू यायचं फक्त. जिभेला भूल दिल्यावर जेवतो ना आपण, चवच नाही, तसं. पंच्याऐंशीला सोडलं. कुणी विचारलं नाही का सोडलं. वय झालं असं वाटलं असेल.

शिव्या दे. नाही? उठलीस, बाय?

बरं. अ‍ॅग्नेस आत स्वयंपाकघरात आहे, तिचा भाऊ होता. सांगायचं असेल तर जा, सांग. मी अडवत नाही. दार ओढून घे जाताना—नको, राहू दे उघडं.