गाणं विरतं तिथून पुढं

लिहून घेताय ना बाळांनो, मी मूळची मिरजेची, आता मिरज म्हटलं की तुम्हाला कळलंच असंल, सतारी. आमचे आण्णा एका कारखान्यात कारागीर व्हते, जवारी काढायचे. जवारी म्हंजे काय, तर तारा ज्या हाडाच्या घोडीवरून जातात ना, ती घोडी कानशीनं अशी घासायची की तार छेडली की नुसती टण्ण वाजून गप न्हाई बसली पायजे, तिनं बोलत राहायला पायजे. आण्णा घासायचे आणि मला म्हणायचे, पोरी, वाजवून बघ. माझा कान चांगला व्हता. मग तिथं एक मास्तर यायचे स्वतःची सतार दुरुस्त करायला, त्यांनी बघितलं आणि म्हणाले, हिला शिकवतो मी. त्यांनी मला एकच गोष्ट इतक्या वेळा सांगितली की झोपेतपण म्हणून दाखवीन. घाई करायची न्हाई, सगळं आधीच दाखवायचं न्हाई, चांगलं शेवटाला राखून ठेवायचं. तेवढं मी धरून बसले आणि त्यानंच घोटाळा झाला बघा, पण ते पुढं सांगते.

लग्न झालं आणि ह्यांच्यामागं फिलाडेल्फियाला आले. हे मशीन शॉपमधे व्हते. मी चोवीस वर्षांची, इंग्लिश शाळेतलं, थंडी अशी की खिडकीशी उभं राहून रडायची मी, आणि सामानात काय आणलं व्हतं, तर चार साड्या, मसाला आणि आण्णांच्या दोन कानशी. सतार आणली नव्हती, विमानात कोण घेणार. ह्यांच्या शॉपमधे एक जण व्हता, त्याचा भाऊ वेंडेल, तो स्टुडिओत बास गिटार वाजवायचा. त्या स्टुडिओनं कुठनं तरी एक सतार घेतली व्हती आणि ती बोलतच नव्हती. ह्यांनी सांगून टाकलं, आमच्या मिसेसला येतं ते. मला न विचारता. मी म्हटलं, अहो, मी काय सांगू तिथं जाऊन? तर हे म्हणतात, सांगायचं काय, घासून ये.

गेले. दारातच चपला काढल्या, सवयच की. खोलीत सात-आठ माणसं, बहुतेक सगळी काळी, भली थोरली, कुणाकडं व्हायोलिन, कुणाकडं गिटार, आणि काचेपलीकडं रेकॉर्डिंग करणारा साहेब. मी खाली बसले, सतारीला नमस्कार केला, घोडी काढली आणि घासायला लागले. तास-दीड तास घासली असंल. सगळे सिगारेटी ओढत बघत बसले व्हते. मग तारा चढवल्या, लावल्या आणि आण्णांसमोर वाजवायची तसं थोडं वाजवून बघितलं. मान वर केली. काचेतनं साहेबाचा आवाज आला, मॅडम, ते परत वाजवा.

असं सुरू झालं ते. पुढं चार वर्षं, दर शनिवारी. ते तिकडच्या काळ्या लोकांचं सोल गाणं की हो, आता लोक डोक्यावर घेतात ते. गायक-गायिका मागनं यायचे, त्यांची नावं कव्हरवर, फोटो कव्हरवर, पण गाणं उभं करायची ती ह्या खोलीतली माणसं. वेंडेल आणि तो ड्रमवाला एकमेकाकडं बघायचे, मान हलवायचे आणि त्या हलवण्यातनं गाणं निघायचं, कागदावर काही नसायचं. आणि असलं तरी मला कुठं वाचता येतंय. वेंडेलनं पहिल्याच दिवशी विचारलं, सिस्टर, तुझा सा कुठं आहे? सा म्हणायला त्याला मीच शिकवलं व्हतं तासाभरापूर्वी. मी तार वाजवून दाखवली. तर तो बाकीच्यांना म्हणाला, चला, सगळे हिच्या सुरात. मी एवढी नवखी बाई आणि ती आठ माणसं माझ्या सुरात आली. काय सांगू तुम्हाला, सासरी मला कुणी असं सामावून घेतलं नव्हतं.

आणि बूट. मी खाली बसायची तर माझा माइक जमिनीजवळ, त्यात ह्या वाजवणाऱ्यांच्या पायाचा ठेका यायचा, टप टप टप. साहेब वैतागला. मग ड्रमवाल्यानं बूट काढले, मग सगळ्यांनी काढले. पुढं मी असले की दाराबाहेर बुटांची रांग, आपल्याकडं कुणाच्या घरी सत्यनारायण असल्यावर असते तशी.

आता घोटाळा सांगते. पहिलं गाणं मी रेडिओवर ऐकलं ते कपडे धुवायच्या दुकानात. माझी सतार! मशीन सोडून उभीच राहिले. सावकाश चाललीय, छान चाललीय, आता म्हटलं पुढं मी खुलणार, आता येणार ते, आणि आवाज बारीक बारीक होत गेला आणि रेडिओवरचा माणूस बडबडायला लागला. मला वाटलं रेडिओ बिघडला. मी पुढं जाऊन त्याला दोन थापट्या मारल्या, मालकीण ओरडली. शनिवारी वेंडेलला सांगितलं तर तो खाली बसून हसला. म्हणाला, सिस्टर, सगळी गाणी अशीच विरतात, तीन मिनिटं झाली की साहेब आवाज हळूहळू खाली करतो. मी म्हटलं, मग आपण पुढं वाजवतो कशाला? तर म्हणाला, त्याला खाली करायला काहीतरी नको का?

म्हंजे बघा, मी मास्तरांचं ऐकून चांगलं ते शेवटाला राखून ठेवत व्हते आणि ह्या लोकांच्या गाण्यांना शेवटच नव्हता. एवढ्या गाण्यांत मी आहे, पण नुसती सुरुवात आहे माझी. एकदा मी पहिल्यापासनंच जोरात वाजवलं, तर साहेब म्हणाला, नको, आधीचं सावकाशच बरं व्हतं.

पण वेंडेलच्या ध्यानात राहिलं ते. साहेबानं हात केला, बास झालं म्हणून, तरी तो थांबायचा न्हाई. माझ्याकडं बघायचा, बास गिटार चालू ठेवायचा, मग ड्रमवालापण. मी समेवर येऊन थांबले की मग थांबायचे. आणि एक शनिवार असा आला, बाहेर बर्फ व्हता, मला दिवस गेले व्हते आणि मला माहिती व्हतं आता मी फार यायची न्हाई. त्या दिवशी गाणं संपल्यावर जे वाजलंय ना! पाच मिनिटं असंल, जास्त असंल. मी मिरजेत व्हते का कुठं व्हते मला ठाऊक न्हाई. बोट कापलं तरी कळलं न्हाई. थांबले तर ड्रमवाला डोळे पुसत व्हता. तसं मी आयुष्यात परत वाजवलं न्हाई.

मग अनु झाली. मग स्टुडिओतनं फोन यायचे कमी झाले, पुढं मशिनी आल्या, त्यातनंच सतार निघायची म्हणे, मग फोन बंद. ह्यांना जर्सी सिटीला काम लागलं, आम्ही इकडं आलो. पण माझ्या मनात पक्कं व्हतं बघा, तीस वर्षं, की टेप चालू असणार. कुठंतरी कपाटात माझं ते वाजवणं आहे. कुणी म्हणालं, काकू, तुम्ही वाजवायच्या म्हणे, की मी हसायची, मनात म्हणायची, आहे, ठेवलंय.

मागल्या वर्षी वेंडेलच्या मुलीचा फोन आला. वेंडेल गेला, खोलीतले बाकीचे त्याच्याआधीच. आणि म्हणाली, स्टुडिओची बिल्डिंग पाडणारेत, जुन्या टेपा निवडतायत, एका डब्यावर इंडियन लेडी असं बाबांच्या अक्षरात लिहिलंय, तुम्ही या. अनुनं ड्राइव्ह केलं. तीच खोली, पण रिकामी, गालिचापण काढलेला. मी चपला काढल्या. अनुनं माझ्याकडं बघितलं आणि तिनंपण बूट काढले. तिथला मुलगा म्हणाला, ह्या टेपेवर आवाज खाली केलेला नसतो, सगळं असतं.

लागलं. त्या बर्फाच्या शनिवारचंच, अगदी काल वाजवल्यासारखं. तीन मिनिटं झाली, आवाज तसाच, विरला न्हाई. माझी सतार वर चढायला लागली. मी अनुचा हात धरला. आणि साहेबाचा आवाज आला, ओके, दॅट्स इट. आणि त्याच्यावर वेंडेलचा, अगदी जवळनं, लेट हर फिनिश, मॅन, लेट हर फिनिश. आणि टक्. टेप बंद.

तो मुलगा म्हणाला, सॉरी, त्या काळात टेप वाया घालवत नसत, हवं तेवढं झालं की बंद करायचे. मी म्हटलं, परत लाव. चार वेळा ऐकलं. रडले मी, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं मला वाटायचं ठेवलंय, तर ते कुठंच नव्हतं. ज्यांनी ऐकलं त्यातली मीच तेवढी राहिले. पण तुम्हाला सांगते, मी बोटं चालवत व्हते, माझं लक्ष तारांत, त्यानं माझ्यासाठी असं म्हटलेलं मला कधी ऐकूच आलं नव्हतं. ते टेपेवर राहिलं. वेंडेलला एकदा तरी फोन करायला पायजे व्हता मी. केला न्हाई. त्याची आठवण आली न्हाई असा शनिवार गेला नसंल, पण फोन केला न्हाई.

अनु शाळेत शिकवते, मराठी समजते पण बोलते इंग्लिशच. पुढल्या रविवारी एक सतार घेऊन आली, जुनी, कुणाच्या तरी बेसमेंटमधली. जवारी झिजून बसलेली व्हती, तार बोलत नव्हती. मी आण्णांच्या कानशी काढल्या.

आता असं हाय, रविवारी ती येते, त्या गाण्याची सीडी लावते, मी सतार घेऊन बसते. गाणं विरायला लागलं की मी तिथून पुढं धरते. ते तसं येत न्हाई आता. बोटं आखडलीत, तार ओढून मींड घ्यावी तर ती अर्ध्यात सुटते, वाट चुकते, परत येते. परवा मी अशीच धडपडत व्हते तर स्वयंपाकघरातनं हे ओरडले, अगं, झालं का, चहा निवतोय. आणि अनु, हळूच, तिकडं न बघता म्हणाली, बाबा, लेट हर फिनिश.

मला समेवर यायला वेळ लागला. पण आले.

लिहा हे सगळं, सावकाश लिहा. आणि तुम्हालापण, बाळांनो, असं म्हणणारं कुणीतरी भेटू दे.