तम्मण्णांचा सातवा पॉट

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या प्राचार्या मंजुश्री मॅडम. संस्थेचे सन्माननीय पदाधिकारी. संकेश्वरहून मुद्दाम आलेले आपले माजी विद्यार्थी. मांडीवर शाल आणि नारळ घेऊन मंचावर अवघडून बसलेले आजचे सत्कारमूर्ती, इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेचे आपले तम्मण्णा, सगळ्यांचे अण्णा. त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी चंपाबाई. माझे सगळे सहकारी. आणि मागच्या दाराशी ताटकळलेल्या विद्यार्थ्यांनो, पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत, या की.

मी प्रमोदिनी, इथे एकवीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवते. मला पाच मिनिटं दिली आहेत. माझ्या आधीच्या तिन्ही वक्त्यांनाही पाचच मिनिटं दिली होती, त्यामुळे मी निर्धास्त आहे.

तम्मण्णांची नोकरी चौतीस वर्षांची. तिचा आढावा झाला, तो सगळा खरा आहे. मी बोलणार आहे ते एका बटणाविषयी. रेडिओचा आवाज लहानमोठा करायला आपण जे फिरवतो, त्याच्या पोटातल्या भागाला पोटेन्शियोमीटर म्हणतात. प्रयोगशाळेत एवढं लांबलचक नाव कोण घेणार? पॉट म्हणायचं. आत घोड्याच्या नालेसारखी कार्बनची काळी पट्टी आणि तिच्यावरून सरकणारी एक पितळी जीभ, एवढाच संसार. या संसाराने मला आणि अण्णांना गेल्या वर्षी दीड महिना कामाला लावलं.

अण्णांची नात श्रिया आपल्याकडेच बी.एस्सी.ला आहे, गिटार वाजवते. तिला वा पेडल हवा होता. हे एक पायाने दाबायचं यंत्र असतं. टाच खाली असली की गिटारचा सूर घुमा येतो, चवडा दाबत नेला की तो उघडत धारदार होतो, एखाद्याने तोंड उघडून ‘वा’ म्हणावं तसा. श्रिया म्हणाली, “आजोबा, ऑनलाइन मागवू?” अण्णा म्हणाले, “मागवाय कशाला पायजे? मी करतो की.”

आता वडगावच्या विणकराच्या घरात पायाने दाबायची वस्तू शोधायला लागते का? वडिलांच्या जुन्या हातमागाची पावडी, म्हणजे विणताना पायाने दाबतात ती लाकडी पट्टी, माळ्यावर होती. ती कापून पेडल झाला. पावडीची हालचाल पॉटपर्यंत न्यायला बाजारच्या पेडलला दातेरी चाकं असतात. अण्णांनी जुन्या रेडिओची काटा फिरवणारी दोरी काढली आणि एका छोट्या कप्पीवरून ओवली. पाय हलला की पॉट फिरला. मी ते बघितलं आणि माझे प्रथम वर्षाचे पेपर तपासायचे तसेच राहिले. हे प्राचार्यांनी ऐकलं नाही असं मी धरून चालते.

खरा प्रश्न पुढेच होता. पॉट कुठला घ्यायचा? एका जातीचे पॉट पहिल्यापासून शेवटपर्यंत सारख्या चालीने वाढतात. दुसऱ्या जातीचे आधी रेंगाळतात आणि शेवटी धावत सुटतात. मी म्हटलं, पुस्तकात बघू. अण्णा म्हणाले, “पायाला इचारू.” पहिला, सारख्या चालीचा, पायाला आवडला नाही, सगळा ‘वा’ एका टोकाला गोळा झाला. दुसरा रेंगाळणारा लावला. श्रिया खूश झाली, पण अण्णा म्हणाले, “शेवटच्या बोटभर फिरण्यात आवाज मरतोय.”

तिसरा पॉट त्यांनी उघडला. पत्र्याचे चार पाय उचकटून कार्बनच्या पट्टीच्या शेवटाला मऊ पेन्सिल घासली, म्हणजे तिथला रोध उतरतो. चौथ्याला मधल्या आणि कडेच्या तारेत एक छोटा रेझिस्टर जोडला, म्हणजे चाल वाकते. दरवेळी मी मीटर लावून वाचनं घ्यायची आणि आलेखाच्या कागदावर मांडायची. रेषा अशी सुरेख वळत जायची की काय सांगू. तरी दुसऱ्या दिवशी अण्णा यायचे आणि म्हणायचे, “न्हाय बाई, शेवटाला मेलाच.”

गिटार आणि अॅम्प्लिफायर घरी, मीटर इथे. घरी शेजारच्या खोलीत यंत्रमाग चालू. मी म्हटलं, “अण्णा, त्या खडखडाटात काय ऐकू येणार?” त्यांनाही पटलं. वडगावात माग पूर्ण थांबतात ते खंडेनवमीला. त्या दिवशी मागांची पूजा असते. ठरलं, खंडेनवमीला निवाड्याला बसायचं.

मी गेले. मागांना झेंडूच्या माळा, हळदीकुंकू. पावडीच्या पेडललाही एक फूल होतं. गल्लीत इतकी शांतता की कुणाच्या तरी घरातली कुकरची शिट्टी आम्हाला ऐकू आली. श्रियाने तार छेडली आणि चवडा हळूहळू दाबत नेला. सूर उघडला, धारदार झाला, टोकाला जाऊन लख्ख झाला. मला वाटलं, जमलं.

अण्णा म्हणाले, “बघा, हितं मेला.”

चंपाबाई म्हणाल्या, “व्हय की, हितनं पुढं काय न्हाय.”

अण्णांचे भाऊ भरमूअण्णा म्हणाले, “पॉट खराब हाय, तम्मा. दुसरा आण जा.”

श्रियाने माझ्याकडे बघितलं. खोलीत पाच माणसं. दोघींना ऐकू येत होतं आणि तिघांना नव्हतं. ती तिघं जन्मापासून मागाच्या खोलीत वाढलेली. विणकरांच्या घरात सगळे मोठ्यानेच बोलतात, हा मला इतकी वर्षं त्यांचा स्वभाव वाटत होता. मी ध्वनी शिकवते. सततच्या खडखडाटाने आधी वरच्या पट्टीचे सूर जातात, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. खालचे राहतात. म्हणून तर ट्रान्सफॉर्मरची घरघर नुसती ऐकून कुठला बिघडलाय हे अण्णा सांगत आले. त्यांच्या कानावर अख्खी प्रयोगशाळा विसंबून होती, आणि त्यांचा स्वतःचाही त्यावरच भरवसा होता.

मग मी काय केलं? मी म्हटलं, “दुसरा पॉट बघू.” मला धीर झाला नाही. त्या माणसाला त्याचा कान गेलाय हे त्याच्याच घरी, सणाच्या दिवशी कसं सांगायचं? पुढचे पंधरा दिवस पाचवा आणि सहावा पॉट झाला. ते पेन्सिल घासत होते, मी आलेख काढत होते, आणि मला माहीत होतं. मला आजही त्याची लाज वाटते.

हे सगळं इथे सांगू का, असं मी परवा त्यांना विचारलं. ते म्हणाले, “सांगा की. चोरी केलीया व्हय मी?” म्हणून सांगतेय.

शेवटी छडा त्यांनीच लावला. सहावा पॉटही मेला म्हटल्यावर ते पेडल इथे घेऊन आले. सिग्नल जनरेटर जोडला, दुसरीकडे ऑसिलोस्कोप आणि एक स्पीकर. पडद्यावर लाट बघत त्यांनी पावडी हाताने दाबत नेली. टोकाला लाट उंच, धडधाकट. त्यांनी स्पीकरला कान लावला. पुन्हा लाटेकडे बघितलं. असं चार वेळा केलं. मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “बाई, पॉट ब्येस हाय. कान गेलाय.”

मी मान खाली घातली. त्यांनी विचारलं, “तुमास्नी कवापासनं ठावं?”

“खंडेनवमीपासून,” मी म्हटलं.

“मग पंधरा दिस मला पेन्सिल घासाय लावलासा व्हय?”

रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते हसले, आणि मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा सुट्टीचा अर्ज दिला. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलं ते येत नाही, आहे ते सांभाळा, यंत्र बसवू. अण्णांनी त्यांना विचारलं, “त्यात पॉट कुटला घालत्यात?” अण्णा अजून त्या उत्तराच्या शोधात आहेत.

श्रियाने एक सुचवलं. आतला कपॅसिटर मोठा घातला तर पेडलचा सगळा पल्लाच खाली, जाड सुरांकडे सरकतो. ती म्हणाली, “आजोबा, तुम्हाला ऐकू येईल तेवढाच ठेवूया. मला चालतंय.” खरं सांगते, मलाही ते गोड वाटलं. अण्णा ताडकन म्हणाले, “का? माज्या कानाच्या मापाचं गाणं वाजवणार व्हय तू जलमभर?”

आणि त्यांनी सातवा पॉट घेतला. तीन दिवस बसले. शेवटचं बोटभर वळण त्यांनी केसाकेसाने जुळवलं, मीटर बघून, माझा आलेख बघून आणि श्रियाचा चेहरा बघून. घासायचं, जोडायचं, तिच्याकडे बघायचं. ती नाही म्हणून मान हलवायची, की पुन्हा उघडायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी तिची मान हलायची थांबली. त्या पेडलमधली सगळ्यात निगुतीने केलेली जागा तीच आहे, आणि ती करणाऱ्याने ती कधी ऐकलेली नाही. मी पुष्कळ प्रयोग केले, करून घेतले. आपल्या हाती लागणार नाही अशा उत्तरासाठी कुणी इतकं नेटकं काम केलेलं मी दुसरं पाहिलं नाही.

मला बोलावल्याबद्दल आयोजकांचे, आणि ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. घरातली गोष्ट सभेत आणली. चंपाबाई, त्यात काही खटकलं असेल तर पोटात घाला. पाच मिनिटांची पंधरा झाली, त्याबद्दल अध्यक्षांनीही मोठ्या मनाने माफ करावं.

आता एक विनंती. श्रिया गिटार घेऊन बाजूला उभी आहे. ती एकच सूर वाजवेल आणि पावडी टाचेपासून चवड्यापर्यंत नेईल. अगदी शेवटाला सूर लख्ख होतो. तो ज्याला ज्याला ऐकू येईल, त्याने हात वर करावा. टाळ्या नकोत. हातच वर करा आणि तसेच ठेवा.

ये श्रिया. अण्णा, तिच्याकडे नको, समोर बघा.