परत प्रयत्न करा

हातकणंगल्याच्या एसटीच्या रांगेत माझ्यापुढं दोघी बहिणी होत्या. धाकटी गणवेशात, थोरलीच्या हातात शिवायला आणलेली कापडं. मी कान टवकारलेच!

“आक्का, आज बाईंनी वर्गात इंटरनेटवर गणिताचा खेळ घेतला. उत्तर बरोबर आलं की टाळ्या वाजत्यात!”

“आन् चुकलं तर?”

“‘परत प्रयत्न करा’ म्हणतंय.”

“कितींदा?”

“कितींदाबी.”

“वरडत न्हाय?”

“कंप्युटर हाय त्यो, आपलं बाबा न्हवंत!”

“मी धाव्वीला गणितात एकदाच नापास झालते. लगीच शाळा सोडवली बाबांनी.”

थोरलीनं कापडं दुसऱ्या हातात घेतली.

“मला घाल की एक गणित.”

“सतरा साते?”

“एकशे नऊ.”

“चुकलं, आक्का.”

एसटी आली. रांग सरकली. थोरली हलेना.

“मग म्हण की.”

“काय?”

“त्यो खेळ म्हणतोय, ते.”