पानाच्या डोक्यावरची पिवळी पट्टी

(उल्हासनगर कॅम्प दोन, गोपशेठचं फर्निचरचं दुकान. २००६, दुपारचे साडेतीन. शेठ गोडाऊनला गेलेत. त्यांच्या कॉम्प्युटरवर प्रज्वल. बाजूच्या स्टुलावर त्याची आई कुंदा, आनंदनगरच्या औषध कंपनीतली फर्स्ट शिफ्ट सुटून थेट इथे आलेली.)

प्रज्वल : ...बघ, गेली. आता येऊ दे शेठला.

कुंदा : गेली म्हणजे? आत्ता तर होती वर. पिवळी पट्टी.

प्रज्वल : सेटिंगमध्ये जाऊन बंद केली. एक टिक मारली, बास.

कुंदा : काय लिहिलं होतं तिच्यावर?

प्रज्वल : काय नाय गं. तुमच्या सुरक्षेसाठी हे पान थांबवलंय, चालवायचं तर इथे क्लिक करा. माझ्या पानात कायच डेंजर नाही. सोफ्यावर माऊस नेला की कव्हरचा रंग बदलतो, एवढंच. पण पट्टी आली की सोफा ठप्प. मागच्या वेळी शेठ बोलले, व्हायरस लाया क्या.

कुंदा : आणि ही टिक मारलीस कोणाच्या कॉम्प्युटरवर?

प्रज्वल : शेठच्या.

कुंदा : विचारून?

प्रज्वल : ते गोडाऊनला गेलेत ना.

कुंदा : काढ.

प्रज्वल : आई, प्लीज. चार वाजता शेठ बघणार. आवडलं तर या सोफ्यांच्या पानाच्या दोनशे सीड्या, नाशिक-जळगावच्या दुकानदारांना. नाही आवडलं तर तू फॉर्म घेऊनच बसलीयेस. सोमवारपासून तुझ्या कंपनीत पॅकिंगला हेल्पर.

कुंदा : फॉर्म राहू दे. आमच्याकडे ड्रम आला की त्यावर पिवळं लेबल लागतं. म्हणजे तपासणी बाकी. पास झाला की हिरवं. तोपर्यंत हात लावायचा नाही कोणी. सुंदराबाईचा जावई, किसन, त्याने गाडी उभी आहे म्हणून पिवळं लेबल फाडलं. माल चांगला निघाला. तरी त्याच दिवशी गेटबाहेर.

प्रज्वल : माल चांगला होता, तरी?

कुंदा : त्या ड्रमचा होता. पुढच्याचं काय? आता तू टिक मारलीस. उद्या दुसऱ्या कोणी सीडी आणली, तिच्यात खरंच घाण असली, तर शेठला पट्टी दिसेल?

प्रज्वल : ...नाही.

कुंदा : आणि ते दोनशे दुकानदार?

प्रज्वल : सीडीच्या कव्हरवर छापणार होतो. टिक कशी मारायची ते.

कुंदा : म्हणजे दोनशे जणांना लेबल फाडायला लावणार होतास.

प्रज्वल : काढतो गं. काढली. ही बघ, आली परत. झालं समाधान? वीस मिनिटं राहिलीत आता.

कुंदा : ओरडू नको. ते मागच्या खिडकीत काय उघडलंयस? त्या पानात घड्याळ फिरतंय.

प्रज्वल : पानं बनवायचा धडा आहे. अंबरनाथच्या सायबरमधून पेनड्राइव्हवर सेव्ह केलेला. त्याच्यावरूनच शिकलो सगळं.

कुंदा : त्याच्यावर पट्टी नाही.

प्रज्वल : कसं काय नाही, तो पण इथलीच फाइल... थांब. थांब थांब थांब. याच्यात पण तोच कोड आहे, आई! याला नाही थांबवलं!

कुंदा : मग बघ, याच्यात काय आहे जे तुझ्यात नाही. आम्ही दोन ड्रम बाजूबाजूला ठेवून तसंच बघतो.

प्रज्वल : नोटपॅडमध्ये उघडतो दोन्ही. हे सेम. हे सेम. वरती... ही ओळ. ही मी नाही लिहिली. धडा लिहिणाऱ्या मास्तरने पण नाही लिहिली. सेव्ह करताना ब्राउझरने स्वतः टाकली! हे पान अमक्या पत्त्यावरून आलंय, आणि कंसात एक आकडा.

कुंदा : म्हणजे बाहेरून आलेल्याला सोडतो, आणि घरच्याला अडवतो?

प्रज्वल : हां... हां! नेटवरचं पान म्हणजे पाहुणा. पुढच्या खोलीत बसणार, चहा पिणार, जाणार. आपल्या कॉम्प्युटरमधलं पान म्हणजे घरातला माणूस. कपाटापर्यंत हात जातो त्याचा. म्हणून त्यालाच जास्त धाक.

कुंदा : बरोबर आहे. साहेबाच्या पाहुण्याला वॉचमन सलाम ठोकतो. आमचे डबे रोज उघडून बघतो.

प्रज्वल : आणि या ओळीने पान स्वतःच सांगतं, मला पाहुणाच समजा. कपाट नको, मला पुढच्याच खोलीत बसवा. आयला... कसलं डोकं लावलंय! टाकू? कॉपी मारतो ही ओळ.

कुंदा : दुसऱ्याचा पत्ता आपल्या मालावर?

प्रज्वल : शेठच्या वेबसाइटचा टाकतो. ती पण मीच बनवतोय, याच सोफ्यांची. हे घे, सेव्ह. उघडला... पट्टी आहे अजून. का बे?

कुंदा : तो कंसातला आकडा कसला?

प्रज्वल : धड्यात एकतीस होता. मोजू दे... पत्त्याची अक्षरं आहेत! एकतीसच! आपली मी चोवीस टाकली.

कुंदा : बोट ठेवून मोज. ते एकावर एक दोन टिंबांचं एक चिन्ह घेतलंस? आणि त्या दोन तिरक्या रेघा?

प्रज्वल : त्या पण मोजायच्या? ...सत्तावीस. सेव्ह. आई, तू बघ, मी नाही बघत.

कुंदा : पट्टी नाही.

प्रज्वल : सोफा?

कुंदा : निळा झाला. अगं बाई... हिरवा झाला.

गोपशेठ : क्या रे, आज मेरा मशीन बिगाड्या के नहीं? बैठो अदी, बहन, उठो मत.

प्रज्वल : शेठ, हे बघा. माऊस फिरवा तुम्हीच.

गोपशेठ : अरे वा. वो पीला पट्टा किधर गया? मेरे मशीन में कुछ किया तू.

प्रज्वल : केलं होतं, शेठ. खोटं नाही बोलत. तुमचं सेटिंग बदललं होतं. मग परत होतं तसं केलं. विश्वास नसेल तर हा पेनड्राइव्ह घ्या, याच्यात हेच पान आहे, बाजूच्या मेडिकलवर चिंतामणीच्या कॉम्प्युटरला लावा. त्याला मी कधी हात नाही लावला.

गोपशेठ : लगाता. अभी लगाता. तू इधरीच बैठ.

कुंदा : बदललेलं सांगायची काय गरज होती?

प्रज्वल : तूच तर...

कुंदा : बरं केलंस.

प्रज्वल : तिकडे नाही चाललं तर, आई?

कुंदा : गप्प बस. मला एक सांग. ज्याने ती पट्टी बसवली, तो कुठे असतो?

प्रज्वल : अमेरिकेत असेल कुठेतरी. एक थोडी असेल, शंभर जण असतील.

कुंदा : त्यांनी गोपशेठला बघितलंय?

प्रज्वल : कॅम्प दोन कुठाय तेच माहीत नसेल त्यांना.

कुंदा : तरी पण इथल्या शेठची काळजी घेतात. आणि तुझ्यासारख्याला रस्ता पण ठेवतात, नीट मोजणारा असला तर. मी बावीस वर्षं लेबलं लावतेय रे. मला वाटायचं हे आमच्या शेडमध्येच चालतं.

गोपशेठ : चल गया साईं! फर्स्ट टाइम में! वो चिंतामणी तो अपने घर के लिए मरून कलर पसंद करके बैठा है. प्रज्वल, दो सौ नहीं, तीन सौ बना. अरे लड़के, चाय बोल तीन!

प्रज्वल : आई. चाललं.

कुंदा : ऐकलं मी. सोमवारी साहेबांना सांगेन, माझ्या मुलाला दुसरं काम आहे.

प्रज्वल : काय काम, असं विचारलं तर?

कुंदा : तेच ना, मला सांगता आलं पाहिजे. परत एकदा दाखव मला, पहिल्यापासून.